ताप, डोकेदुखी आणि डॉक्टरला सांगायची एक गोष्ट : नाकात गोडं पाणी गेलं होतं का?



या पेजवर एरवी आपण डिझेल, बर्फ, फॉर्मच्या तारखा आणि हवामानाचे इशारे टाकतो. आज विषय वेगळा आहे. "मेंदू खाणारा अमीबा" म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते बऱ्याच सभासदांनी आम्हाला पाठवले आणि विचारलं, हे खरं आहे काय? समुद्रात उतरायचं का नाही? आणि यावर औषध आहे का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी थोडक्यात देतो. आजार खरा आहे, पण फार क्वचित होतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून तो होत नाही, गोड्या पाण्यातून होतो. आणि औषध आहे, पण ते वेळेत सुरू झालं तरच उपयोगाचं. वेळेत सुरू व्हायचं तर डॉक्टरला एक गोष्ट कळायला लागते, आणि ती आपल्यालाच सांगावी लागते. ती गोष्ट कोणती, ते नीट कळावं म्हणून एवढं लांब लिहिलं आहे. जेवण झाल्यावर निवांत वाचा आणि घरात वाचून दाखवा.

हा आजार काय आहे

आपल्या मेंदूवर आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर पातळ आवरणं असतात. त्यांना सूज आली की त्याला मेनिन्जायटिस म्हणतात. ही सूज बहुतेक वेळा जिवाणूमुळे किंवा विषाणूमुळे येते. पण कधी कधी परजीवीमुळे, म्हणजे दुसऱ्याच्या अंगात शिरून जगणाऱ्या जीवामुळेही येते. आपण ज्या अमीबाबद्दल बोलतोय त्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर माल्कम फाउलर यांच्या नावावरून ते पडलं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी कार्टर यांनी 1965 साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांवरून हा आजार जगापुढे आणला. भारतातही तो काल आलेला नाही. आपल्या देशातल्या दोन मुलांच्या केसेस 1971 सालीच वैद्यकीय मासिकात छापून आल्या होत्या.

हा जीव डोळ्याला दिसत नाही. कोमट गोड्या पाण्यात आणि तळच्या चिखलात राहतो, तिथले जिवाणू खाऊन जगतो. त्याला माणसाची गरज नसते. पाणी तापलं की तो वाढतो, 46 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तळ्याचं पाणी खाली जातं, गढूळ होतं आणि दुपारी हाताला कोमट लागतं. ते पाणी त्याला मानवतं.

पाणी प्यालं तर हा आजार होत नाही. ते पोटात जातं आणि तिथे तो जीव टिकत नाही. पाणी जोरात नाकात गेलं तर मात्र धोका. नाकाच्या वरच्या टोकाला वास ओळखणाऱ्या नसा असतात, त्या एका बारीक भोकांच्या हाडातून थेट मेंदूकडे जातात. हा अमीबा त्याच वाटेने वर चढतो.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. कुणाच्या घरी असा रुग्ण निघालाच तर त्या घराला वाळीत टाकायचं काही कारण नाही. त्याच्या होडीवर जायला, त्याच्या ताटात जेवायला काही भीती नाही.

दर्यावर्दी माणसाला गोड्या पाण्याची काय भीती?

आपण म्हणू, आमचा जन्म खाऱ्या पाण्यात गेला, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे.

जेटीवरून घरी आलो की अंगावरचं खारं पाणी आपण कुठे धुतो? विहिरीवर, तळीवर, झरीवर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत जाळी शिवून झाली की पोरं कुठे जातात? व्हाळावर, झरीवर, बंद पडलेल्या खाणीच्या खंदकात साठलेल्या पाण्यावर. वरून उडी मारतात, बुडी मारून तळचा चिखल वर काढतात. नाकात पाणी जायला याहून सोपी रीत नाही.

खाडीचं तोंड खारं असतं, पण वरचं टोक पावसात गोडं होतं. तिथे गोड्या पाण्याचाच नियम लावावा.

आपल्या ट्रॉलरवरचे खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटक अशा लांबच्या मुलखातून येतात. सुट्टीत गावी जातात, गावच्या तळ्यात पोहतात आणि ऑगस्टमध्ये हंगामाला परत येतात. नाकात पाणी गेल्यापासून त्रास सुरू व्हायला एक ते बारा दिवस लागतात, बहुतेकांना पाच दिवसांच्या आसपास. म्हणजे गावच्या तळ्यात पोहलेला पोरगा इथे येऊन होडीवर चढतो आणि त्याचं डोकं दुखायला लागतं भर समुद्रात. तो कुठे आणि कधी पोहला होता हे होडीवर कुणालाच ठाऊक नसतं. होडीमालकांनी यावर विचार करावा.

नेहमीची औषधं का चालत नाहीत

सुरुवातीची लक्षणं म्हणजे ताप, जबरदस्त डोकेदुखी, मळमळ, उलटी. पुढे मान ताठ होते, उजेड सहन होत नाही, माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात, शुद्ध हरपते. काहींना सुरुवातीला वास आणि चव वेगळी लागते. लहान मूल जेवत नाही, खेळत नाही, सारखं झोपून राहतं.

आता यात वेगळं असं काय दिसलं? काहीच नाही. ताप-डोकेदुखीला आपण तापाची गोळी घेतो, दोन दिवस बघतो, मग दवाखान्यात जातो. तिथे मान ताठ दिसली तर डॉक्टर पाठीतलं पाणी काढून तपासतात. आणि इथेच फसगत होते. या आजारात पाठीतलं पाणी तपासलं तर ते जिवाणूच्या मेनिन्जायटिससारखंच दिसतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, साखर कमी. मग डॉक्टर रीतीप्रमाणे जिवाणूवरची इंजेक्शनं सुरू करतात. त्यात डॉक्टरची काही चूक नाही, कारण जिवाणूचा आजार कितीतरी जास्त आढळतो आणि त्यालाही उशीर चालत नाही. पण ती इंजेक्शनं या अमीबाला मारत नाहीत. आणि हा आजार इतका वेगाने चढतो की लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी पाच दिवसांत माणूस दगावतो.

अमीबा ओळखायची तपासणी तशी अवघड नाही. पाठीतून काढलेलं ताजं पाणी लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचं. त्यात सरपटणारा अमीबा जिवंत दिसू शकतो. ते पाणी फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याची हालचाल थांबते आणि तो नजरेतून सुटतो. पक्कं करायला पीसीआर तपासणी आहे. पण हे सगळं करायचं तर आधी डॉक्टरच्या मनात ती शंका यायला पाहिजे. शंका यायला "चार दिवसांमागे तळीत पोहलो होतो" एवढं एक वाक्य पुरतं.

औषधं कोणती आणि ती आली कुठून

या आजारासाठी मुद्दाम शोधलेलं असं एकही औषध नाही. दुसऱ्या आजारांची औषधं एकत्र करून वापरतात. रुग्णाचं वय, वजन, किडनी बघून डॉक्टर ती ठरवतात, म्हणून मात्रा आम्ही इथे लिहीत नाही. नावं मात्र माहीत असावीत.

पहिलं अँफोटेरिसिन बी. हे मुळात बुरशीवरचं औषध. व्हेनेझुएला देशातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत एक जिवाणू सापडला, त्यापासून 1950 च्या दशकात हे तयार झालं. ते त्या जीवाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतं. शिरेतून देतात, आणि या आजारात पाठीच्या कण्यातूनही देतात. औषध कडक आहे. थंडी वाजून ताप येतो, किडनीवर ताण पडतो, म्हणून रोज रक्त तपासावं लागतं. याचा एक सौम्य, महाग प्रकारही मिळतो, लिपोसोमल म्हणतात त्याला. पण या अमीबावर जुना, साधा प्रकारच जास्त चालतो असं प्रयोगात दिसलं, म्हणून तज्ज्ञ जिथे जमेल तिथे जुनाच पसंत करतात. महाग ते चांगलं असं दरवेळी नसतं, ते हे असं.

दुसरं मिल्टेफोसिन. याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हे जर्मनीत कॅन्सरसाठी काढलेलं औषध. पुढे कळलं की ते काळा आजारावर चालतं. काळा आजार म्हणजे बिहारकडे वाळूमाशीच्या चावण्याने होणारा तो जुना रोग. त्याच्या मोठ्या चाचण्या बिहारमध्येच झाल्या आणि 2002 साली भारतात त्याला मान्यता मिळाली. काळा आजारावरचं ते पहिलं तोंडाने घ्यायचं औषध. नंतर प्रयोगशाळेत दिसलं की ते या अमीबालाही मारतं. म्हणजे बिहारच्या गरीब माणसाच्या रोगावरची कॅप्सूल आज जगभर या आजारात वापरतात. एक खबरदारी : गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला ते घातक ठरू शकतं, म्हणून घरच्यांनी तशी काही गोष्ट असेल तर डॉक्टरला आधीच सांगावी.

या दोघांच्या जोडीला रिफाम्पिसिन, जे आपल्याला टीबीचं औषध म्हणून माहीत आहे, शिवाय अझिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोल. मेंदूची सूज उतरवायला सुरुवातीचे थोडे दिवस डेक्सामेथासोन. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, जी रीत घालून दिली आहे तिच्यात यातली बरीचशी औषधं 28 दिवस चालतात. रुग्ण उठून बसला म्हणून मध्येच घरी न्यायचं नाही.

आणि यातलं एकही औषध मेडिकलमधून आणून घरी द्यायचं नाही. अझिथ्रोमायसिनची गोळी आपल्या घरात असते, ती घेऊन हा आजार थांबत नाही, फक्त एक दिवस फुकट जातो.

एकच औषध, दोन मुलं

औषध असूनसुद्धा हा आजार जीवघेणा का, ते आकड्यांवरून कळतं. अमेरिकेत 1962 ते 2022 या साठ वर्षांत 157 रुग्णांची नोंद झाली. त्यातले वाचले फक्त 4.

वाचलेल्यातली पहिली 1978 सालची, कॅलिफोर्नियातली एक नऊ वर्षांची मुलगी. तिला अँफोटेरिसिन बी शिरेतून आणि पाठीतून दिलं, जोडीला रिफाम्पिसिन आणि आणखी एक बुरशीवरचं औषध. त्यानंतर पस्तीस वर्षं तिथे कुणीच वाचलं नाही. 2013 साली मिल्टेफोसिन हाताशी आलं आणि त्याच उन्हाळ्यात दोन मुलं वाचली.

बारा वर्षांच्या मुलीचा आजार लवकर ओळखला गेला आणि साधारण 36 तासांत उपचार सुरू झाले. मेंदूची सूज कमी राहावी म्हणून तिचं अंग मुद्दाम थंड ठेवलं. ती पूर्ण बरी होऊन शाळेत गेली. दुसरा आठ वर्षांचा मुलगा. औषध तेच मिळालं, पण आजार ओळखायला कित्येक दिवस गेले. जीव वाचला, मेंदूला मात्र कायमची इजा झाली.

2016 साली फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात सोळा वर्षांचा मुलगा वाचला. मिल्टेफोसिन विकणारी कंपनी त्याच शहरात होती, म्हणून औषध काही मिनिटांत हॉस्पिटलच्या दारात आलं. त्याच आजाराचा रुग्ण जिथे औषध मागवायलाच दोन दिवस लागतात तिथे असता तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट : केरळ

अमेरिका लांब आहे. आता खाली केरळला येऊ. तिथेही आपल्यासारखाच किनारा, खाडी, तळी, विहिरी, मुसळधार पाऊस आणि मासळीवर चालणारी घरं. केरळात या आजाराचा पहिला रुग्ण 2016 साली आलप्पुळा भागात सापडला. 2023 च्या जुलैत त्याच जिल्ह्यात ओढ्यात आंघोळ करणारा पंधरा वर्षांचा मुलगा दगावला. 2024 च्या मे महिन्यात मलप्पुरम जिल्ह्यातली पाच वर्षांची मुलगी गेली, ती नदीत आंघोळीला उतरली होती.

आणि मग 2024 च्या जुलैत कोळिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा वाचला. त्याची बातमी देशभर छापून आली. पोराला तळ्यात पोहल्यानंतर काही दिवसांनी डोकेदुखी आणि झटके सुरू झाले. त्याचे वडील गाईगुरं पाळणारे, साधे गृहस्थ. निपाह आजाराची माहिती मोबाइलवर वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांखालून या अमीबाबद्दलही गेलं होतं. पोराला झटके आल्यावर त्यांनी धाव घेतली आणि डॉक्टरला सांगितलं, पोरगा पाच दिवसांमागे तळ्यात पोहला होता. तेवढ्यावरून तपासणी झाली, आजार पक्का झाला, मिल्टेफोसिनसकट सगळी औषधं सुरू झाली. साधारण तीन आठवड्यांनी तो घरी गेला.

त्या बापाकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. त्याने एक बातमी वाचली होती आणि पोरगा कुठे पोहला ते लक्षात ठेवलं होतं. आम्ही हा लेख लिहायला घेतला तो याच कारणाने. आपल्या सभासदांपैकी एकाच्या जरी ऐन वेळेला हे लक्षात राहिलं तरी पुरे.

त्याच महिन्यात केरळ सरकारने या आजारासाठी डॉक्टरांना नियमावली काढून दिली आणि मिल्टेफोसिन जर्मनीहून मागवून साठा ठेवला. ताप घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही कुठे पोहलात, कुठे आंघोळ केली हे तिथे विचारायला लागले. रुग्ण जास्त सापडायला लागले, आणि जास्त वाचायलाही लागले. 2025 मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथल्या आरोग्य खात्याने 69 रुग्ण आणि 19 मृत्यू सांगितले. यातले सगळे नेग्लेरियाचे नाहीत, दुसऱ्या जातीच्या, सावकाश वाढणाऱ्या अमीबाचे रुग्णही त्यात मोजले आहेत. म्हणून अमेरिकेच्या आकड्याशी सरळ तुलना करू नये. तरी लवकर शोधलं की माणूस वाचतो एवढं यातून दिसतंच. 2025 च्या ऑगस्टअखेर त्यांनी गावोगाव विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांत क्लोरीन घालायची मोहीमसुद्धा घेतली.

दुसरा परजीवी आणि उलटी रीत

सगळ्या परजीवींना एकच औषध चालत नाही, हे कळावं म्हणून आणखी एका आजाराबद्दल सांगतो. यात नाकाचा संबंध नाही, तोंडाचा आहे, म्हणून मासळी खाणाऱ्या घरांना तो माहीत पाहिजे.

उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक जंत आहे. त्याची पिल्लं उंदराच्या विष्ठेतून गोगलगाईत आणि गोड्या पाण्यातल्या शंखात जातात. तो शंख कुणी कच्चा खाल्ला की ती पिल्लं माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेनिन्जायटिस होतो. गोड्या पाण्यातली सुंगटं, खेकडे, बेडूक यांच्यातूनही ती येऊ शकतात. थायलंडच्या ईशान्य भागात कच्चे शंख खायची चाल आहे, तिथे हा आजार नेहमीचा. केरळात घोरपडीचं मांस कच्चं खाल्लेल्यांना तो झाल्याच्या नोंदी आहेत.

यात जंत माणसाच्या अंगात फार काळ जगत नाही. आपोआप मरतो, आणि तो मेल्यावर मेंदूच्या आवरणाला जास्त सूज येते. म्हणून इथे मुख्य औषध जंतावरचं नाही, सूज उतरवणारं स्टेरॉइड आहे. थायलंडमध्ये 110 रुग्णांवर चाचणी झाली, ती 2000 साली छापून आली. अर्ध्यांना दोन आठवडे प्रेडनिसोलोन दिलं, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. दोन आठवड्यांनंतरही डोकेदुखी राहिलेले पहिल्या गटात 5 निघाले आणि दुसऱ्या गटात 25. जंतावरची अल्बेंडाझोल गोळी द्यावी का नाही यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. पाठीतलं पाणी काढल्यावर यातल्या बऱ्याच रुग्णांचं डोकं हलकं होतं, आणि बहुतेक जण बरे होतात.

म्हणजे बघा, ताप तोच, डोकेदुखी तीच, ताठ मान तीच. एकीकडे परजीवीला मारायला पाच-सहा औषधं एकदम लावायची, दुसरीकडे सूज उतरवायची आणि वाट बघायची. फरक कशावरून कळतो? पाठीच्या पाण्याच्या तपासणीवरून, आणि माणूस कुठे पोहला, काय कच्चं खाल्लं यावरून. पहिलं काम डॉक्टरचं, दुसरं आपलं. म्हणून डोकं दुखतंय म्हणून जंताची गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

आपल्या तिसऱ्या, शिणाणे, कालवं ही खाऱ्या-मचूळ पाण्यातली. ती आणि गोड्या पाण्यातले शंख-खेकडेसुद्धा पूर्ण शिजवून खाल्ले तर या जंताची भीती नाही. आपल्या घरात कालवण उकळल्याशिवाय उतरत नाही, ती रीत चांगली आहे, ती सोडू नये. गोड्या पाण्यातले खेकडे-शंख साफ केल्यावर पाटा, सुरी आणि हात धुवा एवढंच.

ट्रॉलरवर ताप आला तर

तांडेल मंडळींनी हा भाग दोनदा वाचावा.

खलाशाला ताप आणि जोराची डोकेदुखी आहे, उलट्या होतायत, मान पुढे वाकत नाही, बोलणं बिघडलंय किंवा झटका आला, तर जाळं ओढून होईपर्यंत थांबू नका. तो आजार हाच असेल असं नाही, बहुतेक वेळा नसेलच. पण कुठल्याही मेनिन्जायटिसमध्ये तास मोजावे लागतात. व्हीएचएफवरून मालकाला कळवा, होडी वळवा. गरज पडली तर तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर 1554. जेटीवर उतरायच्या आधी 108 बोलावून ठेवा, म्हणजे गाडी उभी मिळेल.

डिझेलचा खर्च आणि बुडालेली फेरी याचा हिशेब आम्हालाही कळतो. खलाशाचं घर लांब असतं, त्याच्यामागे बोलणारं इथे कुणी नसतं. त्याच्या आईबापाच्या जागी त्या वेळी तांडेल आणि मालक असतात.

हॉस्पिटलमध्ये खलाशाबरोबर त्याची भाषा येणारा माणूस पाठवा. डॉक्टर मराठी, कोंकणी, इंग्रजी बोलतील, पोरगा उडिया बोलेल, आणि नेमकं तळ्याचं तेवढं राहून जाईल. मालकांनी तो गावाहून कधी आला, कधी होडीवर चढला ते सांगावं. गावी फोन लावून विचारावं, हा कुठे पोहायला गेला होता काय.

डॉक्टरला काय सांगायचं

घरचं मूल असो वा खलाशी, दारातच सांगा, विचारायची वाट बघू नका :

गेल्या दोन आठवड्यांत हा तळीत, विहिरीत, झरीवर, नदीत किंवा खाणीच्या पाण्यात उतरला होता. अमुक दिवशी. उडी मारली होती, नाकात पाणी गेलं होतं.

नाक धुवायला, जलनेतीला किंवा वजू करताना साधं विहिरीचं वा नळाचं पाणी नाकात घेतलं होतं.

कच्चं किंवा अर्धकच्चं काही खाल्लं होतं.

ताप कधी सुरू झाला, आतापर्यंत कुठल्या गोळ्या दिल्या.

आणि सरळ विचारा, "डॉक्टर, अमीबाची तपासणी करायची गरज आहे काय?" असं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडे घरची माणसं घाबरतात, सही करत नाहीत, पोरगं लुळं पडेल म्हणतात. ही भीती काढून टाका. त्या पाण्यावरूनच औषध ठरतं.

आजार होऊच नये म्हणून

उन्हाळ्यात कोमट, साठलेल्या, गढूळ गोड्या पाण्यात बुडी मारू नये. उतरलंच तर डोकं पाण्यावर ठेवा. उडी मारायची तर नाक चिमटीत धरा. तळचा चिखल ढवळू नका.

नाकात घ्यायचं पाणी उकळून थंड केलेलंच असावं. हे नुसतं तळ्याचं नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली नळाच्या पाण्याने जलनेती करणारी दोन माणसं या आजाराने गेली. कराचीत वजूच्या वेळी नाकात घेतलेल्या पाण्यावर डॉक्टरांचा संशय गेला. आपल्या मुस्लिम सभासद बंधूंनीही हे घरी सांगावं.

विहीर आणि छपरावरची टाकी साफ करून क्लोरीन घाला. दक्षिण ऑस्ट्रेलियात उन्हात तापणाऱ्या लांब पाइपांतून घरोघर पाणी यायचं, त्यात हा अमीबा वाढायचा. पाण्यात क्लोरीन टिकवून ठेवल्यावर तिथे तो आटोक्यात आला. क्लोरीन किती घालायचं ते आपल्या आरोग्य केंद्रात विचारा.

सोसायटीतर्फे आम्ही दोन गोष्टी करणार आहोत. हंगाम सुरू व्हायच्या आधी तांडेल आणि खलाशांना वरची लक्षणं हिंदीतून समजावून सांगायची बैठक जेटीवर ठेवू. आणि मिल्टेफोसिनचा साठा जवळात जवळ कुठे असतो, रात्री-अपरात्री लागलं तर कुणाला सांगायचं, याची विचारणा आरोग्य खात्याला पत्राने करू. उत्तर आलं की याच पेजवर टाकू.

पोरांना पाण्यापासून तोडावं असं आमचं म्हणणं नाही, मासेमाराच्या घरात ते शक्यही नाही. खुशाल पोहू द्या. फक्त कुठे पोहून आला ते संध्याकाळी विचारा आणि लक्षात ठेवा.

आपला,
सचिव, सोसायटीच्या कार्यकारी मंडळातर्फे